लिव्हरवर्ट आणि देवमासा: एकाच तक्त्यात बसवायचे कसे?

ऊर्मी_दादर (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या निसर्ग मंडळाचं प्रदर्शन डिसेंबरमध्ये आहे, इयत्ता सातवी ते दहावीच्या मुलांसाठी. एका फलकावर दोन टोकाचे सजीव शेजारी शेजारी मांडायचे आहेत: लिव्हरवर्ट (मॉसची नातलग, बिनफुलाची छोटी वनस्पती) आणि देवमासा. तीन रकाने ठरलेत. कच्चा मजकूर असा:

वर्गीकरण: लिव्हरवर्ट ही ब्रायोफायटा विभागातली वनस्पती. देवमासा हा सस्तन प्राणी.
अधिवास: लिव्हरवर्ट ओलसर जमिनीवर, देवमासा समुद्रात.
संवर्धन स्थिती: लिव्हरवर्टला धोका नाही. देवमासा संकटग्रस्त.

चुका काढा. दयामाया नको.

१. बटाटेवडा

पहिली चूक: दोन्ही खाता येत नाहीत. चौथा रकाना घाला.

२. खडूस_मास्तर

दयामाया नको म्हणालात, म्हणून सरळच लिहितो. तक्त्याचा पायाच डगमगतो आहे. 'लिव्हरवर्ट' ही एक जाती नाही आणि 'देवमासा' हीसुद्धा नाही. लिव्हरवर्ट हा अख्खा विभाग आहे, मार्केंशिओफायटा. त्यात सात हजारांहून जास्त जाती. देवमासे, डॉल्फिन आणि पॉर्पॉइज मिळून जो सेटेशिया गट होतो, त्यात जेमतेम नव्वदीच्या आसपास जाती आहेत आणि तो गट सस्तन वर्गातल्या एका गणाच्या पोटात बसतो. एकीकडे अख्खा जिल्हा, दुसरीकडे एक वाडी, अशी ही तुलना झाली.

वर्गीकरणाच्या रकान्यात हे खपून जाईल. तिसऱ्या रकान्यात नाही, कारण लाल यादीतला (आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या सजीवांच्या यादीतला) दर्जा जातीला मिळतो, फार तर उपजातीला किंवा वेगळ्या पडलेल्या एखाद्या समूहाला. विभागाला कधीच नाही. 'लिव्हरवर्टला धोका नाही' हे वाक्य चूक की बरोबर हा प्रश्न पुढचा. आधी ते निरर्थक आहे.

दोन्हीकडे एकेक जाती निवडा आणि वरून खाली पायऱ्या लिहा:

मर्केंशिया पॉलिमॉर्फा: सृष्टी वनस्पती, विभाग मार्केंशिओफायटा, वर्ग मार्केंशिऑप्सिडा, गण मार्केंशिएलीस, कुल मार्केंशिएसी.
निळा देवमासा, बॅलीनॉप्टेरा मस्क्युलस: सृष्टी प्राणी, संघ कॉर्डाटा, वर्ग सस्तन, गण आर्टिओडॅक्टिला, कुल बॅलीनॉप्टेरिडी.

वनस्पतींत 'विभाग' आणि प्राण्यांत 'संघ', पायरी एकच. कुलाच्या नावाचा शेवटही बघण्यासारखा: वनस्पतींत 'एसी', प्राण्यांत 'इडी'. दोन्हींचे नामकरणाचे नियम वेगळे आहेत. लिव्हरवर्टच्या नावांची सुरुवात लिनियस या स्वीडिश वर्गीकरणकाराच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरतात, प्राण्यांच्या नावांची १७५८ पासून.

आणि कृपा करून जातीला 'प्रजाती' म्हणू नका. पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं सर्रास उलटं छापतात.

३. सुरमई

मास्तर, देवमाशाचा गण आर्टिओडॅक्टिला? तो तर गाई, हरणं, उंटांचा ना?

४. खडूस_मास्तर

तोच. देवमाशांचे आज जिवंत असलेले सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे पाणघोडे. जुन्या पुस्तकांत सेटेशिया हा स्वतंत्र गण दिसेल. डीएनएचे आणि घोट्याच्या हाडांचे पुरावे आल्यावर तो समखुरी प्राण्यांच्या गणातच घालावा लागला. त्यातले काही महत्त्वाचे पुरावे आपल्या उपखंडातले आहेत. कच्छमध्ये आदिम देवमाशांचे जीवाश्म मिळालेत, आणि जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांत इंडोह्यूस नावाचा मांजराएवढा खुरवाला प्राणी मिळाला, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड आहे.

मुलांना नाव गोंधळात टाकेल. देव असेल-नसेल, मासा नक्की नाही. लिनियसनेही आधी त्यांना माशांतच घातलं होतं आणि १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत सस्तनांत हलवलं. फलकावर दोन खुणा पुरे: माशाचं शेपूट उभं असतं आणि डावी-उजवीकडे हलतं, देवमाशाचं आडवं असतं आणि वर-खाली हलतं. व्हेल शार्कचं शेपूट उभं, म्हणून तो मासा.

५. हिरवी_भिंत

मास्तरांशी सहमत, पण वनस्पतीची बाजू त्यांनी घाईत उरकली. माझ्या मते फलकावर सगळ्यात आधी सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

देवमाशाचं जे शरीर दिसतं त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, निळ्या देवमाशात एकूण ४४ गुणसूत्रं. मर्केंशियाचा जो हिरवा, चपटा, फाटे फुटलेला थॅलस (मूळ-खोड-पान असे भाग नसलेलं अंग) दिसतो त्याच्या पेशीत एकच संच असतो, ९ गुणसूत्रं. म्हणजे आपण 'झाड' म्हणून बघतो ती युग्मकधारी, म्हणजे नर-मादी पेशी बनवणारी पिढी. दोन संचांची बीजाणुधारी पिढी छोटीशी असते, आईच्या अंगावरच वाढते, बीजाणू सोडते आणि संपते. प्राण्यांत याला जोडच नाही. तक्त्यात हे कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा, पण गाळू नका.

गंमत अशी की एक गोष्ट दोघांत सारखी आहे: पुंयुग्मकाला, म्हणजे नर पेशीला, पोहावं लागतं. लिव्हरवर्टच्या पुंयुग्मकाला दोन शेपट्या, देवमाशाच्या शुक्राणूला एक. लिव्हरवर्टला त्यासाठी बाहेरच्या पाण्याचा थर लागतो, म्हणून ब्रायोफायटांना वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणतात. देवमाशाला लागत नाही, जन्मभर पाण्यात राहूनसुद्धा.

'ब्रायोफायटा विभाग' हे पाठ्यपुस्तकापुरतं ठीक आहे. आता मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट हे तीन वेगळे विभाग धरतात. कंसात दोन्ही लिहा, नाहीतर एखादी दहावीची मुलगी पुस्तक घेऊन भांडायला येईल आणि तिचं बरोबर असेल.

नावाचं म्हणाल तर थॅलसचा आकार यकृताच्या पाळ्यांसारखा, म्हणून जुन्या युरोपी वैद्यांनी ती यकृताच्या दुखण्यावर दिली. मराठीत 'यकृतका' हा शब्द त्यावरूनच. औषध म्हणून काही अर्थ नाही, हेही लिहा.

६. भांडुपकर

अधिवासाचा रकाना चुकीचा नाही, पण पुळचट आहे. खरी मजा इथे आहे: समुद्राच्या पाण्यात वाढणारं एकही लिव्हरवर्ट नाही. गोड्या पाण्यात आहेत, रिक्सिया फ्लुइटन्स तर माशांच्या टाकीत घालायला दुकानात मिळतं. मॉसचंही तेच, खारं पाणी कोणालाच जमलं नाही. म्हणजे मुंबईत दोघं एकमेकांपासून पाच-सात किलोमीटरवर असतील, पण सीमा कधीच ओलांडत नाहीत.

प्रवासही उलटा. एकाचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले, दुसऱ्याचे जमिनीवरून पाण्यात परतले.

७. सुरमई

'कधीच' म्हणू नका, भांडुपकर. गंगेतला डॉल्फिन सेटेशियातलाच आहे आणि जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. देवमासा म्हटलात तर तुमचं खरं, सेटेशिया म्हटलात तर खोटं.

८. खडूस_मास्तर

म्हणूनच म्हटलं, आधी शब्द ठरवा. 'देवमासा' या शब्दात डॉल्फिन धरत नाहीत, पण स्पर्म व्हेल हा निळ्या देवमाशापेक्षा डॉल्फिनच्या जास्त जवळचा आहे. लोकांनी रेघ आकारावर ओढली, नात्यावर नाही.

९. हिरवी_भिंत

अधिवासात 'ओलसर जमीन' एवढंच लिहिलं तर मुलं बागेत शोधतील आणि हात हलवत परत येतील. नेमकं लिहा.

मुंबईत जुलै ते सप्टेंबर. जुन्या भिंतीचा पाझर, जांभ्या दगडाचा बांध, गटाराच्या कडेची दाबलेली माती, पायऱ्यांच्या उभ्या बाजू. उत्तरेकडची किंवा सावलीतली बाजू बघायची. चुन्याची भिंत चालते. ताज्या सिमेंटवर किंवा ऑइलपेंटवर काही येत नाही. मुंबईच्या सखल भागात दिसतं ते बहुतेक मर्केंशिया नसतं. उघड्या मातीवर रुपयाएवढी, फाट्याफाट्यांची हिरवी फुली दिसली तर रिक्सिया. कान्हेरीसारख्या गुंफांच्या अंधाऱ्या तोंडाशी सोनेरी-हिरवट चमकणारा, कागदाहून पातळ थर दिसला तर सायथोडियम. ते स्वतः प्रकाश देत नाही, पेशी आलेला उजेड परतवतात. टॉर्चचा कोन बदलला की चमक जाते.

गल्लत कशाशी होते ते सांगतो, कारण दहातले सात फोटो चुकीचेच असतात:

नेच्याचा (फर्नचा) प्रोथॅलस, म्हणजे त्याची युग्मकधारी पिढी: हृदयाच्या आकाराचा, नखाएवढा, एकदा वाढून थांबतो. लिव्हरवर्ट टोकाशी पुन्हा पुन्हा दोन फाटे काढत जातं.
हॉर्नवर्ट: थॅलस सारखाच, पण वर बारीक शिंगं. शिंगं यायच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, बहुतेकांत प्रत्येक पेशीत एकच मोठं हरितलवक असतं.
नॉस्टॉक: काळपट-हिरवा जेलीचा गोळा. खाली मूलाभ (मुळांसारखे तंतू) नाहीत, ओढला की सहज निघतो.

भिंग १० पटीचं. मर्केंशियाच्या पाठीवर षटकोनी चौकटी आणि प्रत्येकीच्या मध्ये एक छिद्र दिसतं, हीच ओळख. त्यावर छोट्या पेल्या असतात आणि पेल्यांत हिरवे कण. पावसाचा थेंब पेलीत पडला की कण उडतात आणि नवी रोपं तयार होतात. पेली चंद्रकोरीसारखी असेल तर ते मर्केंशिया नाही, लुन्युलॅरिया.

राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय एक तुकडाही उचलायचा नाही. फोटो काढा. नमुना सोसायटीच्या कुंपणावरून घ्या.

१०. बटाटेवडा

आमच्या सोसायटीच्या भिंतीला दर मे महिन्यात रंग लागतो. लिव्हरवर्टचं संवर्धन कमिटीच्या बजेटवर अवलंबून आहे हेही फलकावर लिहा.

११. हिरवी_भिंत

विनोद सोडा, मुंबईपुरता खरा धोका हाच आहे: रंग, गिलावा, ब्लीचिंग पावडर, आणि घाटात रस्ता रुंद करताना कापलेले पाझर.

१२. तळटीप

तिसऱ्या रकान्यावर येतो. 'धोका नाही' आणि 'मूल्यांकन झालेलं नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आययूसीएनच्या यादीत 'कमी चिंतेची' म्हणजे तपासून सांगितलं की सध्या ठीक आहे. 'माहिती अपुरी' म्हणजे तपासायला घेतलं, पण आकडे मिळाले नाहीत. 'मूल्यांकन नाही' म्हणजे कोणी बघितलंच नाही. जगातली बहुसंख्य लिव्हरवर्ट या शेवटच्या खान्यात आहेत. युरोपात मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट मिळून १,८१७ जातींची तपासणी करून २०१९ मध्ये लाल यादी निघाली, तर पाचातली साधारण एक जाती धोक्यात निघाली. मर्केंशिया पॉलिमॉर्फा त्यात 'कमी चिंतेची' आहे. तेव्हा फलकावर 'युरोपच्या यादीत' हे शब्द हवेतच.

देवमाशांतही सगळे संकटग्रस्त नाहीत. निळा: संकटग्रस्त. फिन आणि स्पर्म: असुरक्षित. कुबड्या म्हणजे हंपबॅक: जागतिक पातळीवर कमी चिंतेचा, पण अरबी समुद्रातला त्याचा समूह वेगळा आणि संकटग्रस्त. उत्तर अटलांटिकचा राइट व्हेल: अतिसंकटग्रस्त.

कायद्याचंही एक वाक्य घाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये निळा देवमासा अनुसूची १ मध्ये आहे. वनस्पतींसाठी जुनी अनुसूची ६ होती, तिच्यात सहा नोंदी: कलशपर्णी, कुठ, एक सायकस आणि बाकी ऑर्किडं. लिव्हरवर्टचं नावही नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूच्यांची संख्या आणि क्रम बदलले, जुन्या पुस्तकातून उतरवू नका.

१३. सुरमई

अरबी समुद्रातल्या हंपबॅकबद्दल भर. बाकीचे हंपबॅक थंड पाण्यात चरतात आणि विणीसाठी उष्ण पाण्यात येतात. हे कुठे जातच नाहीत. चरणं, वीण सगळं इथेच. ओमानजवळ मोजले तेव्हा शंभराच्या आत भरले. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात बेकायदा शिकार करून दोनशेहून जास्त मारले होते. इतक्या छोट्या समूहातून एका हंगामात दोनशे गेले, ते अजून भरून आलेलं नाही.

१४. ऊर्मी_दादर

तळटीप, निळ्या देवमाशाची संख्या तर वाढते आहे असं वाचलं. मग अजून 'संकटग्रस्त' का? मुलं हे विचारणारच.

१५. तळटीप

चांगला प्रश्न. निकष असा आहे की घट गेल्या तीन पिढ्यांत किती झाली ते मोजायचं. निळ्या देवमाशाची एक पिढी साधारण ३१ वर्षांची धरतात, म्हणजे तीन पिढ्या झाल्या ९३ वर्षं. त्या खिडकीत विसाव्या शतकातली कारखाना-जहाजांची (देवमासा जहाजावरच कापून त्याचं तेल काढणाऱ्या जहाजांची) बरीचशी शिकार येते. अंटार्क्टिकातले निळे देवमासे दोन लाखांच्या वर होते, १९७० च्या दशकात काही शेकड्यांवर आले. शिकार थांबलेली असल्यामुळे इथे ७० टक्के घटीचा निकष लागतो, आणि आता संख्या वाढत असली तरी तीन पिढ्यांचा हिशेब ७० टक्क्यांच्या वरच जातो. जसजशी खिडकी पुढे सरकेल, तसतसा हा दर्जा बदलू शकेल. १९६६ मध्ये निळ्याच्या शिकारीवर बंदी आली. सगळ्याच देवमाशांच्या व्यापारी शिकारीला स्थगिती द्यायचा ठराव १९८२ चा.

लिव्हरवर्टला हीच फूटपट्टी लावायला गेलं की पहिलाच प्रश्न अडतो: एक 'झाड' म्हणजे किती? थॅलस मागून कुजतो, पुढून वाढतो, एकाचे चार होतात. म्हणून ब्रायोफायटांसाठी व्यवहारी तोडगा काढलाय: जमिनीवर एक चौरस मीटरचा ठिपका म्हणजे एक, झाडावर असेल तर एक खोड म्हणजे एक. आणि बहुतेक वेळा संख्येऐवजी जागा मोजतात: नकाशावर २ किमी बाय २ किमीच्या चौकटी, जाती जितक्या चौकटींत सापडली तितक्या गुणिले ४. बेरीज ५०० चौ. किमीच्या आत आली, वर वस्ती तुकड्यांत विखुरलेली असेल आणि घटही चालू असेल, तर संकटग्रस्त. पण हा नियम शोधणाऱ्यांवर अवलंबून आहे. कोणी गेलंच नाही तर चौकट रिकामी राहते आणि जाती आहे त्याहून दुर्मीळ दिसते.

१६. भांडुपकर

अगदी. भारतात हिमालय आणि पंजाबची बाजू शिवराम कश्यपांनी पायी पालथी घातली, त्यांचा लिव्हरवर्टवरचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ असा दोन भागांत आला. तिथल्या नोंदी दाट आहेत त्या त्यामुळे. ठिपके कुठे आहेत यापेक्षा माणसं कुठे फिरली हेच नकाशात आधी दिसतं.

१७. चौपाटीवरचा

अवांतर: किनाऱ्यावर देवमासा आला तर कोणता हे कसं ओळखायचं? जुहूचा 'नवरी व्हेल' आठवतोय, जानेवारी २०१६.

१८. सुरमई

हा हा, नवरी नव्हे. ब्रिडे नावाच्या नॉर्वेजियन माणसाचं नाव आहे, उच्चार 'ब्रूडा'च्या जवळ. वर्तमानपत्रांनी 'ब्राइड' केलं.

ओळख डोक्यावरून. वरून बघा: तोंडाच्या टोकापासून नाकपुड्यांपर्यंत तीन समांतर कणे असतील तर ब्रिडे. एकच कणा आणि डोकं यूसारखं रुंद असेल तर निळा. खालचा जबडा उजवीकडे पांढरा, डावीकडे काळा असेल तर फिन. खालच्याच जबड्यात शंकूसारखे दात आणि डोकं चौकोनी असेल तर स्पर्म. कुजलेल्या धडावर रंगाचा भरवसा नाही, कातडी सोलली की सगळेच पांढरट दिसतात. तेव्हा तोंडातल्या बलीनच्या (अन्न गाळणाऱ्या पट्ट्यांच्या) झालरी बघा, निळ्याच्या पूर्ण काळ्या असतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला आलेला निळा होता.

जवळ जायचं नाही. आत वायू साठून धड फुगतं आणि फुटू शकतं. जिवंत असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन, कातडी ओली ठेवायची, नाकपुडीवर पाणी ओतायचं नाही, शेपटीला दोर लावून ओढायचं नाही. पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाने फुप्फुसं दबतात आणि चरबीच्या थरामुळे अंग तापतं, म्हणून वेळ फार कमी असतो.

१९. तळटीप

आणि 'व्हेलची उलटी' म्हणून मुंबईत जी पकडली जाते ती उलटी नाही. अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. वाळूत सापडलं तरी घरी नेणं हा गुन्हा आहे. फलकावर नक्की घाला, पालकही वाचतील.

२०. ऊर्मी_दादर

सगळ्यांचे आभार. बदल असे: जोडी मर्केंशिया पॉलिमॉर्फा आणि निळा देवमासा. दर्जाच्या बाजूला कोणाची यादी आणि कोणतं वर्ष तेही. खाली 'मुंबईत काय दिसेल' अशी पट्टी: रिक्सिया, सायथोडियम, ब्रिडे. देवमाशाची लांबी ३० मीटर म्हणजे लोकलचा साधारण दीड डबा, असं दाखवणार. आणि टेबलावर खरं लिव्हरवर्ट.

२१. हिरवी_भिंत

डिसेंबरमध्ये? ऊर्मीताई, तोवर भिंती कोरड्याठाक. रिक्सिया सुकून मातीत मिसळलेलं असेल.

आत्ता ऑगस्ट आहे, आत्ताच उचला. झाकणाचा पारदर्शक डबा, तळाशी दोन सेंमी विटांचा चुरा, वर एक सेंमी चाळलेली माती. नमुना खालच्या मातीसकट सुरीने उचलून ठेवायचा, बोटाने दाबायचा नाही. पावसाचं साठवलेलं पाणी फवाऱ्याने. झाकण तीळभर उघडं, नाहीतर बुरशी. खिडकीत, पण उन्हाच्या पट्ट्यात नाही. उजेड कमी पडला तर थॅलस लांब, अरुंद आणि फिकट होतो आणि मुलांना ओळखू येत नाही. नळाचं पाणी रोज घातलं तर वर क्षार धरतात.

जोडीला एक कागदी पाकीटही करा. नमुना सप्टेंबरअखेरीस घ्या, बीजाणू काळे झाल्यावर. रिक्सियाची जात बीजाणूंच्या नक्षीवरून ठरते, कोवळा घेतला तर नाव लागत नाही. साध्या कागदाची घडी, प्लास्टिक नको. वजनाखाली दाबू नका. वर ठिकाण, तारीख, कशावर वाढलं आणि सावली किती, एवढं लिहा.

२२. खडूस_मास्तर

आणि हाताने लिहिणार असाल तर शास्त्रीय नावात प्रजाती आणि जाती या दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. एकच लांब रेघ ओढू नका.

२३. बटाटेवडा

कमिटीला सांगून ठेवा, डब्याला रंग लावायचा नाही.